घरात लिहायला बसलं की हाक येतेच! स्वतंत्र खोली नसताना लिखाणाची जागा कशी तयार करायची?

रात्रीची भांडी झाली, मुलं झोपली, टीव्ही बंद झाला. आता अर्धा तास निवांत लिहू म्हणून लॅपटॉप उघडला आणि आतून आवाज आला, "अगं, उद्याच्या डब्याची भाजी निवडली का?"

हा अनुभव फक्त कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांचा नाही. कुणी पीएचडीचा प्रबंध लिहितंय, कुणी घरून भाषांतराची कामं घेतंय, कुणी मालिकेचे संवाद लिहितंय, कुणी इन्स्टाग्रामवर कविता टाकतंय, तर कुणी स्पर्धा परीक्षेसाठी निबंधाचा सराव करतंय. तक्रार सगळ्यांची एकच. घरात लिहायला जागा नाही.

मग स्वतंत्र खोली मिळाली की प्रश्न सुटतो का? आणि ती मिळण्याची शक्यता नसेल, तर लिहायचं कुठे?

सविस्तर समजून घेऊया.

हाक आली की डोक्यात नेमकं काय होतं?

"दोन मिनिटांचं तर काम होतं, उठून आलं तर काय बिघडलं?" असं घरातले म्हणतात, तेव्हा त्यांचा हिशोब घड्याळाचा असतो. लिहिणाऱ्याचं नुकसान मात्र दोन मिनिटांपेक्षा मोठं असतं.

अमेरिकेतल्या व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक सोफी लेरॉय यांनी २००९ साली याविषयीचं संशोधन प्रसिद्ध केलं. एक काम अर्धवट सोडून माणूस दुसऱ्या कामाकडे वळला, तरी त्याचं थोडं लक्ष पहिल्या कामातच अडकून राहतं, असं त्यांनी दाखवलं. त्यामुळे दुसरं कामही नीट होत नाही. म्हणजे लिहिता लिहिता उठून भाजी निवडायला घेतली, तर मन वाक्यात राहतं. परत येऊन लिहायला बसलं, तर ते भाजीत राहतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या (अर्व्हाइन) ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००८ सालच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. मध्ये मध्ये अडथळे आले तरी लोकांनी काम संपवलं, उलट भराभर संपवलं. पण त्याची किंमत ताण, वैताग आणि घाई या रूपात मोजली. "तुझं काम तर झालं ना शेवटी?" या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. काम होतं, पण करणारा दमून जातो.

कॅफेतल्या गोंगाटात जमतं, मग घरात का नाही?

हे कोडं अनेकांना पडतं. हॅरी पॉटरची लेखिका जे. के. रोलिंग यांनी पहिल्या पुस्तकाचा बराच भाग एडिंबरामधल्या कॅफेंमध्ये, लहान मुलगी बाबागाडीत झोपलेली असताना लिहिला. कॅफेत काही शांतता नसते. तरी तिथे लिहिता कसं येतं?

याची दोन कारणं सांगता येतात.

पहिलं कारण आवाजाच्या प्रकाराचं आहे. रवी मेहता, रुई झू आणि अमर चीमा या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ५०, ७० आणि ८५ डेसिबल अशा पातळ्यांच्या आवाजांची तुलना केली. नव्या कल्पना सुचण्याच्या चाचण्यांत ७० डेसिबलच्या आसपासचा मध्यम आवाज सर्वांत उपयोगी ठरला, तर ८५ डेसिबलला कामगिरी घसरली. कॅफेतली मिसळून गेलेली गजबज साधारण या मधल्या पातळीच्या जवळ असते.

घरातला आवाज वेगळा असतो. तो कळणाऱ्या शब्दांचा असतो. आपण मनात वाक्य जुळवत असताना कानावर दुसरी अर्थपूर्ण वाक्यं पडली, की दोन्ही एकमेकांत घुसतात. म्हणूनच पंख्याच्या घरघरीत लिहिता येतं, पण शेजारच्या खोलीतल्या मालिकेच्या संवादांत येत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कॅफेतल्या आवाजात तुमचं नाव नसतं. तिथलं दूध उतू गेलं तर उठायचं काम तुमचं नसतं. घरात कुकरची तिसरी शिट्टी झाली का, पाण्याची वेळ झाली का, दारावर कोण आलंय, याकडे एक कान कायम लागलेला असतो. हाक आलेली नसली तरी ती येणार आहे, हे मनाला माहीत असतं.

थोडक्यात, लिहायला लागणारी जागा म्हणजे आपल्याला काही काळ कुणी बोलावणार नाही याची खात्री.

'स्वतःची खोली' ही कल्पना आली कुठून?

या विषयावर बोलताना एक नाव निघतंच. ब्रिटिश लेखिका व्हर्जिनिया वुल्फ. ऑक्टोबर १९२८ मध्ये त्यांनी केंब्रिजमधल्या मुलींच्या दोन महाविद्यालयांत, न्यूनम आणि गर्टन इथे, स्त्रिया आणि साहित्य या विषयावर व्याख्यानं दिली. त्यावर आधारित 'अ रूम ऑफ वन्स ओन' हे पुस्तक १९२९ साली आलं. स्त्रीला कथात्म साहित्य लिहायचं असेल तर तिच्याकडे पैसे आणि स्वतःची खोली हवी, हा त्यातला मुख्य मुद्दा.

खोली सगळ्यांच्या लक्षात राहिली. पैसे मात्र विसरले गेले. वुल्फ यांनी वर्षाला ५०० पौंडांच्या उत्पन्नाचा आकडा दिला होता आणि खोलीच्या दाराला कुलूप हवं असंही म्हटलं होतं. स्वतःचं उत्पन्न असलेल्या माणसाला "मी आता उपलब्ध नाही" असं म्हणता येतं, आणि कुलूप असेल तर ते पाळलं जातं. वुल्फ यांच्या स्वतःच्या घरात स्वयंपाकाला नेली बॉक्सॉल ही बाई अनेक वर्षं होती, हेही इथे लक्षात ठेवायला हवं. एकीच्या लिखाणाच्या वेळेत दुसरी कुणीतरी चूल सांभाळत होती.

भारतात खोलीचीच अडचण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या ३७.१ टक्के कुटुंबांकडे राहायला एकच खोली होती, तर ३.९ टक्के कुटुंबांकडे स्वतंत्र म्हणावी अशी एकही खोली नव्हती. मुंबईतल्या बीडीडी चाळींमधली खोली १६० चौरस फुटांची. त्यात अख्खं कुटुंब राहणार. तिथे 'लिखाणाची खोली' हा शब्दही चैनीचा वाटेल.

खोली नसताना लेखकांनी कुठे लिहिलं?

जगभरातली काही उदाहरणं पाहिली तर दिसतं की प्रत्येकाने आपापल्या घराप्रमाणे वेगळा मार्ग काढला.

जेन ऑस्टिन : १८०९ पासून त्या इंग्लंडमधल्या चॉटन गावातल्या घरात आई, बहीण कॅसँड्रा आणि मैत्रीण मार्था लॉइड यांच्यासोबत राहत होत्या. एका छोट्याशा टेबलावर त्या लिहायच्या. त्यांच्या पुतण्याने लिहिलेल्या आठवणींनुसार, एक दार उघडताना करकरायचं आणि जेन ते दुरुस्त करू द्यायच्या नाहीत. कुणी येतंय हे त्या आवाजाने आधीच कळायचं आणि कागद झाकता यायचे. ही गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. त्यामागची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. घरातली बहुतेक कामं कॅसँड्रा आणि मार्था यांनी उचलली होती. जेन यांच्याकडे मुख्यतः सकाळच्या नाश्त्याची जबाबदारी होती.

टोनी मॉरिसन : नोबेल मिळवणाऱ्या या अमेरिकन लेखिकेने सुरुवातीची वर्षं नोकरी करत, दोन मुलांना एकटीने वाढवत लिहिलं. मुलं उठून 'आई' म्हणून हाक मारण्याआधीचा वेळ वापरायचा, म्हणून पहाटे लिहायची सवय लागली, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं होतं. त्यांची लिखाणाची जागा घड्याळात होती.

माया अँजेलो : या लेखिकेने उलटा मार्ग निवडला. राहत्या गावातच त्या हॉटेलची खोली भाड्याने घ्यायच्या. सकाळी साडेसहापर्यंत तिथे पोहोचायच्या. भिंतीवरची चित्रंसुद्धा काढून घ्यायला सांगायच्या. घर छान होतं, पण तिथे त्या लेखिका म्हणून एकट्या नव्हत्या.

स्टीफन किंग : 'कॅरी' ही १९७४ साली आलेली त्यांची पहिली प्रकाशित कादंबरी. ती लिहिताना ते शाळेत शिकवत होते आणि बायको व दोन लहान मुलांसह ट्रेलरच्या घरात राहत होते. कपडे धुण्याच्या चिंचोळ्या खोलीत, मांडीवर लहान मुलांचं टेबल ठेवून, बायकोच्या टाइपरायटरवर त्यांनी ती लिहिली. पुढे पैसे आल्यावर त्यांनी खोलीच्या मधोमध भलंमोठं टेबल ठेवलं. काही वर्षांनी ते काढून लहान टेबल कोपऱ्यात नेलं आणि बाकीची खोली घरच्यांना, मुलांना बसायला मोकळी केली.

नुसती जागा भाड्याने घेऊनही प्रश्न सुटेलच असं नाही. कॅनडाच्या अॅलिस मन्रो यांच्या १९६८ सालच्या पहिल्या कथासंग्रहात 'द ऑफिस' नावाची कथा आहे. तिची नायिका लिखाणासाठी घराबाहेर खोली घेते. आणि घरमालकच गप्पा मारायला, भेटवस्तू द्यायला वारंवार दार वाजवू लागतो.

महाराष्ट्रातल्या बायकांनी कुठे लिहिलं?

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे.

'जिणं आमुचं' हे त्यांचं आत्मकथन. दलित स्त्रीने लिहिलेल्या पहिल्या आत्मकथनांपैकी एक म्हणून ते ओळखलं जातं. बेबीताई आणि त्यांचे पती छोटं दुकान चालवायचे. दुकानात माल बांधायला आलेली रद्दीची वर्तमानपत्रं त्या वाचायच्या आणि तिथेच बसल्या बसल्या त्यांनी लिहायला सुरुवात केली. दुकानाचं गिऱ्हाईक आणि घरचा रगाडा या दोन्हींच्या मधल्या फटीत ते पुस्तक लिहिलं गेलं.

पण लिहून झालेली पानं ठेवायची कुठे, हा पुढचा प्रश्न होता. पतीच्या भीतीने त्यांनी ते लिखाण जवळपास २० वर्षं लपवून ठेवलं. ही माहिती त्यांनीच मुलाखतीत दिली होती. फलटणमध्ये राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते उजेडात आलं. १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकात क्रमशः आणि १९८६ मध्ये पुस्तक म्हणून ते प्रसिद्ध झालं.

लिहायला जागा मिळाली आणि ठेवायला नाही, तर काय होतं, याचा हा हिशोब आहे. बेबीताईंची पानं टिकली. चुलीत, रद्दीत किंवा अडगळीत किती वह्या गेल्या असतील, ते मोजायला कुठलंच साधन नाही.

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहिता-वाचताच येत नव्हतं. शेतात आणि घरात राबताना त्यांना गाणी सुचली. मुलगा, कवी सोपानदेव चौधरी आणि जवळच्या नातलगांनी ऐकून त्यातली काही लिहून ठेवली, म्हणून १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' छापली गेली. इथे लिखाणाची जागा म्हणजे घरातलं ऐकणारं माणूस.

अलीकडचं उदाहरण महाराष्ट्राबाहेरचं, बेबी हालदार यांचं. त्या गुडगावात घरकाम करायच्या. ज्यांच्या घरी काम करत होत्या, ते निवृत्त प्राध्यापक प्रबोध कुमार यांनी त्यांना पुस्तकं वाचायला दिली आणि वही-पेन देऊन स्वतःबद्दल लिहायला सांगितलं. त्यातून 'आलो आंधारि' हे आत्मकथन आकाराला आलं.

या तिघींपैकी कुणाकडेही लिखाणाची खोली नव्हती. बहिणाबाईंना आणि बेबी हालदार यांना "हे जपण्यासारखं आहे" असं म्हणणारं माणूस हाताशी मिळालं. बेबीताईंना त्याची २० वर्षं वाट पाहावी लागली.

हाक कुणाला जास्त मारली जाते?

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात याचं उत्तर आकड्यांत मिळतं. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, तर पुरुष ९७ मिनिटं. त्यातही ही कामं करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण ८१.२ टक्के होतं आणि पुरुषांचं २६.१ टक्के. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटं असे आले. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटं वाचली, पण पुरुषांचीही नऊ मिनिटं कमी झाली.

या आकड्यांतही एक गोष्ट दिसत नाही. घरातल्या कामाला सलग वेळ नसतो. ते दिवसभर तुकड्यातुकड्यांत पसरलेलं असतं. म्हणून उरलेला वेळही तुकड्यातच मिळतो. वीस मिनिटं इथे, दहा मिनिटं तिथे. बेरीज तास भरेल, पण त्या तासात एक परिच्छेद होईलच असं नाही.

बाबा लिहीत असतील तर "आवाज करू नका" म्हणून मुलांना बाहेर काढलं जातं. आई लिहीत असेल तर "काय करतेस गं?" म्हणून मुलं जवळ येऊन बसतात. अनेक घरांतलं हे चित्र ओळखीचं वाटेल.

मग घरात जागा करायची कशी?

मोठा खर्च न करता करता येण्यासारख्या काही गोष्टी.

१. कोपरा ठरवा आणि बदलू नका. खिडकीचा कट्टा, गॅलरीतली खुर्ची, जेवणाच्या टेबलाचं एक टोक, भिंतीला टेकवलेलं फोल्डिंग टेबल, काहीही चालेल. तोंड भिंतीकडे आणि पाठ खोलीकडे ठेवली तर घरातली ये-जा दिसत नाही. रोज एकाच ठिकाणी बसल्याने तुम्हालाही सवय लागते आणि घरच्यांनाही.

२. कोपराच नसेल तर पिशवी करा. वही, पेन, चार्जर, इअरफोन, संदर्भाचे कागद एकाच पिशवीत ठेवा. पिशवी काढली की काम सुरू, आत ठेवली की बंद. शोधाशोधीतली दहा मिनिटं वाचतात. कागदही सुरक्षित राहतात.

३. वेळ नेमकी सांगा. "मला जरा लिहू द्या" या वाक्याचा अर्थ घरात प्रत्येकजण वेगळा काढतो. "साडेनऊ ते सव्वादहा मी उठणार नाही" हे स्पष्ट आहे. मुलांना घड्याळाचे काटे दाखवता येतात. सुरुवातीला वेळ लहानच ठेवा आणि ती संपली की खरोखर उठा. तुम्ही वेळ पाळता हे दिसलं की घरचेही पाळतात.

४. हाकेची यादी ठरवा. कुणी पडलं, गॅसचा वास आला, फार तातडीचा फोन आला, तर जरूर बोलवा. रिमोट सापडत नाही, कुरिअर आलंय, कोथिंबीर आणायची का, यासाठी त्या वेळेत दुसरं माणूस जबाबदार. ते माणूस कोण हे आधी ठरलं नाही, तर सगळ्या हाका पुन्हा तुमच्याकडेच येतात.

५. अदलाबदल करा. तुमच्या ४५ मिनिटांच्या बदल्यात नवऱ्याला, बायकोला, सासूबाईंना किंवा भावंडाला त्यांच्या आवडीची ४५ मिनिटं द्या. सासूबाईंची मालिका आणि तुमचं लिखाण एकाच वेळी येत असेल, तर मालिकेची वेळ बदलणार नाही. लिखाणाची बदलता येईल, किंवा इअरफोन उपयोगी पडतील.

६. उठावंच लागलं, तर एक ओळ लिहून उठा. सोफी लेरॉय यांनी थेरेसा ग्लोम यांच्यासोबत २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हा उपाय तपासला आहे. काम सोडताना आपण कुठे थांबलो आणि परत आल्यावर पुढे काय करायचं हे थोडक्यात नोंदवलं, तर मध्ये आलेल्या कामाकडे लक्ष जास्त चांगलं देता येतं. "आता आत्याच्या घराचं वर्णन, मग भांडण" एवढी नोंदही पुरे.

७. कामाचे दोन ढीग करा. पहिला खर्डा लिहायला शांतता लागते. टाइप करणं, शुद्धलेखन तपासणं, तारखा पडताळणं, फोटो निवडणं हे गोंगाटातही होतं. मिळालेली शांत वीस मिनिटं मेल वाचण्यात घालवू नका.

८. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. घरच्यांना हाका मारू नका म्हणायचं आणि नोटिफिकेशन चालू ठेवायचं, याला अर्थ नाही. फोनवरच लिहीत असाल तर निदान इंटरनेट बंद करा.

एक सावधगिरीही हवी. "पहाटे चारला उठून लिहा" हा सल्ला सोपा वाटतो. पण रात्री सगळ्यात शेवटी झोपणारी व्यक्तीच पहाटे सगळ्यात आधी उठणार असेल, तर ती वेळ झोपेतून कापली जाते. प्रौढांना साधारण सात तास किंवा अधिक झोप लागते. पहाट हवी असेल तर रात्रीचं काम कुणीतरी दुसऱ्याने घ्यायला हवं.

घराबाहेर कुठे जाता येईल?

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ साली सुरू झालं, मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय १८९८ साली. राज्यात १९६७ च्या कायद्यानंतर गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांना सरकारी अनुदानाची चौकट मिळाली. यातल्या अनेक ठिकाणी वाचनकक्ष किंवा अभ्यासिका असते. काही महापालिकाही अभ्यासिका चालवतात.

अभ्यासिका म्हटलं की स्पर्धा परीक्षेची मुलंमुली आठवतात. पण लिहिणाऱ्यांसाठीही ती उपयोगाची आहे. जाण्याआधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. वयाची अट आहे का, लॅपटॉप आणि चार्जिंग चालतं का, महिन्याची फी किती आणि बंद व्हायची वेळ काय. रात्री परतण्याची सोय नसेल, तर 'चोवीस तास सुरू' या पाटीचा सगळ्यांनाच उपयोग होतो असं नाही.

ज्यांना घर सोडून जाताच येत नाही, घरात लहान बाळ किंवा आजारी माणूस आहे, त्यांच्यासाठी हा पर्याय दुसऱ्या कुणी तेवढा वेळ घर सांभाळलं तरच खुला होतो.

अख्ख्या गावाने ठरवलं तर?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे, दीड तास मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. साडेआठला पुन्हा भोंगा, मग टीव्ही सुरू.

कोरोनाकाळात ऑनलाइन शाळेमुळे मुलांच्या हातात मोबाइल आले आणि ते सुटेनात, म्हणून गावाने हा निर्णय घेतला होता. सुरुवातीला लोकांना घरोघरी जाऊन समजवावं लागलं.

या गावात नव्या खोल्या बांधल्या गेल्या नाहीत. घरं तीच, माणसं तेवढीच. फक्त दीड तास सगळ्यांनी एकच नियम पाळायचा ठरला आणि एरवी मालिकेच्या आवाजात वही उघडणाऱ्या मुलांना त्याच घरात बसायला जागा झाली.

तुमच्या घरात भोंगा नसेल. पण आज रात्री जेवताना "माझी पाऊण तासाची वेळ कोणती?" हा प्रश्न विचारता येईल. आणि घरात दुसरं कुणी गुपचूप वही लिहीत असेल, तर तिलाही तोच प्रश्न विचारून बघा.